माने सरांनी न दिलेली बाटली

त्या सकाळी गोठा झाडून झाला होता, चुलीवर पाणी होतं आणि मी पाट्यावर भुईआवळी वाटत होते. कराडजवळच्या आमच्या बांधावर ती तणासारखी उगवते. बाहेरून कुणीतरी विचारलं, "ताई, बांधावरची थोडी भुईआवळी नेऊ का?" सांगलीच्या फार्मसी कॉलेजातले माने सर मला असे भेटले. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात शिष्यांनी त्यांच्या संशोधनावर लिहिलंच आहे. मी शाळेबाहेर अक्षरं लावत वाचायला शिकलेली बाई. पाहिलं तेवढं लिहिते.

सरांनी पाटा पाहिला, शेजारचा उसाच्या रसाचा तांब्याही पाहिला. विचारलं, "कुणासाठी?"

आमच्या यजमानांसाठी. त्यांचा जन्म गुऱ्हाळावर गेला; काकवीशिवाय भाकरी उतरत नसे. मिरजेच्या डॉक्टरांनी यकृतावर चरबी चढल्याचं सांगितलं होतं. आमच्याकडे यकृत म्हटलं की कावीळ, आणि कावीळ म्हटली की भुईआवळी आणि उसाचा रस.

"रस आजपासून बंद करा," सर म्हणाले. "या दुखण्याला ते खतपाणी आहे."

यजमान ओट्यावरून म्हणाले, "आवं सर, दारूला कवा शिवलो न्हाई, तरी गाव दारुडा म्हणतंय. आता रस बी सोडू व्हय?"

"काकवीसुद्धा."

सर भुईआवळीचा अर्क उंदरांवर तपासत होते. तुपातेलाचं चारून ज्यांची यकृतं बिघडवली होती, ते उंदीर सुधारत होते. हे कळल्यावर मी सांगली गाठली आणि एक बाटली मागितली.

"ताई, माणसाला किती सोसेल ते मला माहीत नाही. माहीत नसताना देणार नाही."

मी रिकाम्या हातानं परत आले. तरी सर रविवारी येत राहिले. यजमानांना बांधाबांधानं चालवत, तपासणीला मिरजेला स्वतः नेत. पण दुखणं फार पुढं गेलं होतं. यजमान गेले.

तेराव्याला भावकी बोलली, "मास्तरनं बाटली दिली आसती तर वाचला आसता." सर समोरच बसले होते. मी विचारलं, "वाचले असते का?"

"माहीत नाही, ताई."

घरभर माणसं होती. धीर द्यायला कुणी काही, कुणी काही सांगत होतं. माझ्याशी खोटं न बोललेले तेवढे सर होते.

सरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो आणि हाती घेतलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना स्वतः पाहायला मिळो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं सांगलीला गेले आणि सरांच्या कॉलेजातल्या औषधी बागेत काम मागितलं.