धुतली की वाढणारी जखम

"हा पाय कापायचा नाही. ही जखम जंतूंची नाहीच," पुण्याच्या रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या. आमच्या भागातल्या दवाखान्यात आईचा हाच पाय गुडघ्याखालून काढायचा सल्ला मिळाला होता.

आजाराचं नाव पायोडर्मा गँग्रिनोसम. नावच फसवं. ऐकून वाटतं गँगरीन, आणि गँगरीन तर नाहीच, जंतुसंसर्गही नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच कातडीवर उलटते. असं क्वचित होतं.

मावळात भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीत, दिवसदिवस चिखलात उभं राहून पाय कुजतात. त्याला आम्ही चिखल्या म्हणतो. कडुनिंबाच्या पाण्याने घासून धुवायचं, हा घरोघरचा इलाज. आईच्या नडगीवर फोड येऊन फुटला तेव्हा तिनं तेच केलं. जखम वाढली. वडगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी "आवणी केली का?" एवढंच विचारलं आणि गोळ्या दिल्या. पुढे दोनदा डिब्रीडमेंट झाली, म्हणजे मेलेला भाग कापून जखम साफ करणं. दर वेळी जखम आणखी पसरली, कडा जांभळ्या पडल्या.

मी मोर्च्यांची पत्रकं लिहिणारी मुलगी. मला चीड याची की, साफ करूनही जखम का वाढते, हे कुणी विचारलंच नाही. उलट आईलाच ऐकवलं, "तुम्ही स्वच्छता पाळत नाही."

पुण्याच्या बाईंनी पायाआधी हात पाहिला होता. "सलाईनची सुई टोचली तिथे फोड आला होता का?"

"व्हय, हितं. पर कुनी बघितलंच न्हाई."

बाई खुर्ची ओढून बसल्या. या आजारात सुईएवढ्या इजेनंही नवी जखम होऊ शकते, म्हणाल्या.

"माज्या लेकीवानीच हाय म्हना," आई म्हणाली. "जेवढं टोचावं तेवढा पेटतोय."

मग बायोप्सी झाली, म्हणजे जखमेच्या कडेचा छोटा तुकडा तपासला. जंतूंचीही तपासणी झाली. बाकीचे आजार नाहीत हे कळल्यावरच संरक्षक यंत्रणेला आवरणारं स्टेरॉइड सुरू केलं. जखम सावकाश भरली. चाळणीसारखा व्रण राहिलाय.

जखमा धुवाच. पण साफ करूनही जखम वाढत असेल, तर डॉक्टरांना थांबवून कारण विचारा.

यंदा आवणीत शेजारची पारूमावशी पाय दाखवायला आली.

"धुतल्यावर कमी व्हतंय का वाढतंय?" आईनं विचारलं.

"कमी व्हतंय की."

"मंग चिखल्याच हायेत, पारे. उगं डोकं नगं खाऊ."

तरी आईनं तिचा पाय उजेडात ओढून कडा नीट पाहिल्या.