नामदेवअप्पांचा पालथा हात

कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याला पालथा हात लावून बघायचा, ही नामदेवअप्पांची खोड. औरादच्या शाळेत बदली झाल्यावर मी त्यांच्या घराची वरची खोली बघायला गेले, तेव्हा "जयभीम बाई, या" म्हणून त्यांनी पहिल्यांदा माझा मोबाइलच मागून घेतला. मला वाटलं, कुणाला तरी फोन लावायचा असेल. तर यांनी तो पालथ्या हाताला टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लई तापायलाय की हो ह्यो. गरम व्हायलंय म्हंजे कुठंतरी दुखायलंय. जरा दम घिऊ द्या त्याला." भाडं, पाणी, किल्ली हे सगळं त्यानंतर.

मी भालकीची. आमच्याकडे यंत्र बिघडलं की त्याला दोन थपडा मारायची पद्धत. त्यामुळे हा प्रकार मला नवाच होता. अप्पांची सारी नोकरी बस डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेली. पालथाच हात कामून, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तळव्याचं कातडं पान्हे धरून जाड झालंय, त्याला काय कळतंय? अन् करंट असला तर तळवा तार धरून बसतो. पालथा हात झटक्यात मागं येतो." त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य असं, की थोडं गरम असलं तर भ्यायचं न्हाई, थंडगार पडलं तर भ्यायचं, कारण थंडगार म्हंजे बंद.

त्यांच्या घरात तेव्हा एक माणूस तसं थंडगार पडलं होतं. गयाअक्का, त्यांची बायको. औरादच्या बाजारात अक्काच्या मेथीची जुडी घ्यायला बायका थांबून राहायच्या, असं मी शाळेत ऐकलं होतं. बांधावरून घसरून खुब्याचं हाड मोडलं, बिदरला ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण अक्का चालेना. मागच्या बोळाकडची खोली तिनं धरली होती. शेजाऱ्यांची भिंत अगदी खिडकीला चिकटून उठलेली, त्यामुळे तिथं भरदुपारी बल्ब लावावा लागे. पुढच्या खोलीत खाट घालू म्हटलं तर म्हणायची, "बाजारची माणसं येता-जाता कीव करत्यात. मला तसं कुनी बघितलेलं नको." आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. वॉकर कोपऱ्यात नवाकोरा उभा. अप्पा एकदा जिन्यात मला म्हणाले, "रोज कपाळाला हात लावून बघतो, बाई. ताप न्हाई, राग न्हाई, शिव्या सुद्धा न्हाईत. असंच चाललं तर ही उठायची न्हाई." हसतमुख माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज फुटला होता.

मग आठवडाभरातच त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. अक्का शेताकडं जात नाही ना? मग शेतच अक्काकडं आणायचं. त्या अंधाऱ्या खोलीत मेथी पेरायची आणि तिच्यासाठी एलईडीचा सूर्य टांगायचा!

पहिला सूर्य दुपारच्या चहापर्यंतसुद्धा टिकला नाही. अप्पांनी डब्याच्या पत्र्यावर एलईडी चिकटवले आणि जुन्या अडॅप्टरला जोडून दिले. ते एकेक करून जळाले, जाताना माझ्या मिक्सरसकट घराची वीज घेऊन गेले आणि माझी शेंगदाण्याची चटणी अर्धीच राहिली. मी तणतणत खाली आले तर हे भले गृहस्थ खुशीत! "कळालं बाई, कळालं! ही एलईडी लई हावरी हाय. गरम झाली की जास्त करंट वढती, अन् जास्त वढली की आनखी गरम. तिच्या ताटात मापानं वाढनारं कुनीतरी लागतंय. त्याला ड्रायव्हर म्हन्त्यात. जन्मभर ड्रायव्हर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आता बिनतोंडाचा ड्रायव्हर आनतो." माझ्या चटणीबद्दल एक अक्षर नाही.

ड्रायव्हर हैदराबादहून आला. हुमनाबादच्या भंगारातून जुन्या अॅम्प्लिफायरचा अॅल्युमिनियमचा ठोकळा आला, उभ्या पात्यापात्यांचा. एलईडीची उष्णता त्या पात्यांत उतरवायची, आणि पात्यांवर कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवून ती उडवून लावायची, अशी योजना. एलईडी आणि ठोकळा यांच्यामध्ये पांढरी पेस्ट अप्पांनी अशी हळुवार लावली, की मी म्हटलं, "अप्पा, बाळाला तीट लावायलाव का?" पांढऱ्या उजेडात थोडे लाल एलईडी घातले होते. दिवा लागला तशी सगळी खोली गुलाबी झाली. अक्का भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "घरात जत्रा भरवलाव का?" कितीतरी दिवसांत तिनं आपणहून काढलेले हे पहिले शब्द होते. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनाच पहिलं बक्षीस मिळालं.

फळांच्या क्रेटमध्ये माती भरून अप्पांनी मेथी पेरली आणि ती उगवली. आणि काय उगवली! माणसं खच्चून भरलेल्या बसपेक्षा दाट. अक्का कूस बदलून बघत राहिली आणि मग तिला राहवेचना. "अवो, एवढं दाट पेरतंय का कुनी? आयुष्यभर माझ्या हातची भाजी खाल्लाव, अन् मूठ कशी सोडायची ते कळंना तुमाला? उपटा अर्धी. तशी न्हाई! मुळं दुखावतील!" अप्पा दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. धापा टाकत म्हणाले, "गरम व्हायलीय बाई! शिव्या द्यायलीय! म्हंजे चालू हाय!"

त्यानंतर अक्का रोज त्या क्रेटवर खाटेवरूनच राज्य करायला लागली. पाणी कमी, पाणी जास्त, हे उपटा, ते राहू द्या. आणि एक दिवस तिनं सुईदोरा मागितला. उशाला टेकून, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून तिनं काहीतरी शिवायला घेतलं. आमच्याकडे घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला कपडे घालतात. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपी, फ्रीजच्या मुठीला सुद्धा झबलं. तशी अक्कानं त्या दिव्याला गोधडीची टोपी शिवली, चारी बाजूंनी झालर आणि बांधायला बंद. "वर धूळ बसायलीय. अन् कसं उघडंबोडकं दिसतंय ते! घाला हे."

अप्पांनी गंभीर चेहऱ्यानं टोपी चढवली, "लई झाक" म्हणाले आणि बाहेर येऊन जिन्यात मटकन बसले. हसत होते की रडत होते, मला कळेना. "किती महिन्यांनी तिनं सुई धरली बाई, अन् माझ्या पंख्याचंच तोंड बांधलं!"

"मग सांगा की सरळ, हवा कोंडते म्हणून."

"अन् परत भिंतीकडं तोंड करून पडली तर? एलईडी हैदराबादला मिळत्यात, बाई. ही कुठं मिळती?"

मग एक अजब कारभार सुरू झाला. अप्पा येता-जाता टोपीचे बंद सैल करायचे आणि खाली तारेची कमान घालून हवेला वाट करून द्यायचे. मी खाली गेले की अक्का म्हणायची, "बाई, ते ढिलं झालंय, जरा घट्ट बांधा बरं." मी मुकाट्यानं घट्ट बांधायची. संध्याकाळी अप्पा पालथा हात लावायचे, चुकचुकायचे आणि पुन्हा सैल करायचे. मधे त्यांनी ड्रायव्हरवरून उजेडच कमी करून पाहिला. चार दिवसांत अक्कानं पकडलं. "मेथी लांबट अन् फिकी व्हायलीय. उजेडाची चोरी करायलाव का?" उजेड पुन्हा वाढवावा लागला. त्याबरोबर उष्णताही वाढली.

बाजाराचा दिवस होता, मला सुट्टी. अप्पा मोठा पंखा शोधायला बाहेर गेले होते. मी वर वह्या तपासत बसले होते, तर खालून टक्... टक्... असा आवाज यायला लागला. मांजर शिरलं असेल म्हणून खाली धावले आणि दारातच थबकले.

खाटेवर कुणी नव्हतं. कोपऱ्यातला वॉकर दिव्याखाली आला होता आणि गयाअक्का स्वतःच्या पायांवर उभी होती. पाय थरथरत होते, घामानं चेहरा निथळत होता. एका हातानं तिनं वॉकर धरलेला, टोपी ओढून काढून खांद्यावर टाकलेली. आणि दुसरा हात? दुसरा हात त्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्याला लावून झटकत होती. पालथा हात!

"जळकट वास यायलाय म्हनून हाका मारले," ती मला म्हणाली. "कुनी वो दिलं न्हाई. मग काय करू? पडून बघत राहू? एवढी मेथी वर आलीय." मी धावत जाऊन तिला धरलं, तर म्हणाली, "मला कामून धरायलाव? त्याचं बटन बंद करा आधी!"

तेवढ्यात अप्पा दारात आले. हातातली पिशवी तिथंच राहिली. अक्कानं त्यांना पाहिलं, खांद्यावरची टोपी त्यांच्या अंगावर फेकली आणि सुरू झाली, "ह्याच्यानं हवा कोंडायली, हे ठाऊक होतं तुमाला! रोज ढिलं करायलाव, मला दिसत न्हाई व्हय? कामून सांगितलाव न्हाई? मी काय काचेची हाय?" अप्पा उंबऱ्यावर बसले. टोपी तोंडाला लावून लहान पोरासारखे रडले. अक्का उभीच होती आणि बोलतच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं टोपीला मधोमध पंख्याएवढं गोल भोक पाडलं आणि त्याला सुरेख काठ शिवला. टोपी राहिली, पंखाही राहिला. आणि पुढच्या खोलीतून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तिच्या फेऱ्या सुरू झाल्या.

माझी आता भालकीला बदली झालीय. परवा कामासाठी औरादला गेले, तर बाजारात अक्का तिच्या जुन्या जागी मेथीचा ढीग घेऊन बसलेली. एका गिऱ्हाइकानं जुडीतलं एक पान खुडून चाखलं म्हणून त्याच्यावर अशी कडाडली, की शेजारची टमाटेवालीही गप्प झाली. मागे छत्री धरून अप्पा उभे. ते वाकले आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर त्यांनी अक्काच्या कपाळाला पालथा हात लावला. तिनं तो फटकन झटकून टाकला.

अप्पा माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "चालू हाय, बाई."