शांतता जमवणारा भाडेकरू

शांतता गोळा करणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या खोलीत, भाड्याने राहतो. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचे प्रोग्राम लिहायचे, आणि रविवारी रेकॉर्डर घेऊन ओसाड जागांची शांतता टिपायला निघायचं. हजीरा भागातलं बंद टॉकीज झालं, एक आटलेली विहीर झाली. "आजी, हर जगह की चुप्पी अलग असते," म्हणतो. एकदा माझ्या स्वयंपाकघरात अर्धा तास यंत्र ठेवून गेला आणि वर तक्रार, "आजी, तुमची चुप्पी फार बडबडते!" लोक नाणी जमवतात; हा काहीच नसलेलं जमवतो, तेही नावनिशी लिहून.

परवाच्या रविवारी दुपारी आमच्या बिर्लानगरातल्या बंद गिरणीचं आवार टिपून आला आणि मला ऐकवायला बसला. यंत्राच्या पडद्यावर आवाजाची नुसती सरळ रेघ. माझा डोळा लागणार, तेवढ्यात भोंगा झाला. पाळी सुटल्याचा, लांबलचक.

"ऐकलंस?"

"क्या, आजी? लाइन तो एकदम फ्लॅट है."

गिरणी चालू होती तेव्हा रोज भोंगा झाला की मी चहाचं आधण ठेवायची. दहा मिनिटांत आमचे हे सायकलवरून दारात, कडी दोनदा वाजवणार. वर्षानुवर्षं हेच. एकदाच मोडलं, तेही मी. सकाळी आमटीला खारट म्हणाले, म्हणून आधण ठेवलं नाही. तेव्हाची मी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी महाराणी! हे आले, थंड स्टोव्हकडे पाहिलं. "आज चहा नाही?" "नाही," मी तोऱ्यात. गिरणीचा तो शेवटचा भोंगा होता, हे मला रात्री शेजारणीकडून कळलं. पुढे देवाघरी जाईपर्यंत ह्यांनी चहा कधी मागितला नाही. दिला तर प्यायचे.

मी उठले. "बंद करू का, आजी?"

"चालू राहू दे."

दोन कपांचं आधण ठेवलं, आलं किसलं. रेघ सरळच होती. दहाएक मिनिटं झाली असतील. पोराने एकदम मान वर केली.

"आजी, कडी वाजली. दो बार. मी बघू?"

"तू बस."

पदराला हात पुसले. "आले हो, आज ठेवलाय," म्हटलं, आणि तोरा आत ठेवून दार उघडायला गेले.