पालथं घालायचं नाही

गॅरेजवाल्या काकूंचा एक नियम होता: धुतलेली वस्तू पालथी घालायची. पातेली, वाट्या, पेले तर झालेच. पण काकांच्या चपलासुद्धा त्या धुऊन पालथ्या घालत. "उताण्या भांड्यात धूळ बसते आणि उताण्या माणसात आळस," असं त्यांचं म्हणणं.

मुलगी लग्न होऊन गेली आणि घरात धुण्यासारखं फारसं उरलं नाही. दुपारी घर खायला उठायचं. शेवटी त्या काकांना म्हणाल्या, "मी उद्यापासून गॅरेजात येते."

"तिथे काय करणार तू?"

"तुम्ही करत नाही ते. झाडलोट."

काकांनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि एका दिवसापुरतं कबूल केलं. काही बिघडलं तर परत घरी, ही अट.

त्या दिवशी नेमकी काकूंच्या धाकट्या भावाची गाडी आली. हॉर्न मुका झाला होता आणि त्याला सासूबाईंना आणायला स्टेशनवर जायचं होतं. "भावोजी, पटकन हं!"

काकांनी बॅटरीची तार काढली आणि चहा मागवला. "तार काढली तरी आत थोडी वीज उरते. ती जिरू द्यायची, मगच एअरबॅगला हात लावायचा," असं सांगत त्यांनी सावकाश पेला रिकामा केला. मग स्टीअरिंगच्या मधली एअरबॅग सोडवून टेबलावर उताणी ठेवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात, हॉर्नपर्यंत वीज पोचवणारी आतली स्प्रिंग आणायला गेले.

काकूंनी टेबल पुसलं, एअरबॅग पुसली आणि पालथी घातली. वर पान्यांचा डबा ठेवला.

परत आलेले काका दारातच थबकले. आवाज एकदम खाली आला. "हिला पालथं कुणी घातलं?"

"मी. हळू का बोलताय? झोपलीय का ती?"

"झोपलीय असंच समज. जागी झाली तर फुगणार कुठे? खाली टेबल. मग ती डब्यासकट तोफगोळ्यासारखी वर उडणार. आणि वर वाकून फडकं कोण मारत होतं?"

काकूंनी फडकं पाठीमागे लपवलं.

काकांनी डबा बाजूला केला, बॅग अलगद उचलली आणि शेजाऱ्यांचं ओलं बाळ धरावं तशी, तोंड बाहेर आणि अंगापासून लांब धरून पुन्हा उताणी ठेवली. "उद्यापासून घरी," एवढंच म्हणाले. काकूंनी फडक्याची घडी घातली.

स्प्रिंग बसली, बॅग बसली, तार जोडली. हॉर्न काही बोलेना. कुठेतरी जोड सैल राहिला होता. काकांनी पुन्हा किल्ली काढली, तार काढली आणि हात धुवायला मागे गेले.

"आता परत थांबायचं?" भाऊ रडकुंडीला आला. "ताई, सासूबाई ताटकळल्या असतील! तार काढली, वीज गेली, संपलं!" आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तो स्टीअरिंगवर वाकला.

"खबरदार! गॅस बंद केल्या केल्या कुकर उघडतोस का रे?"

भाऊ थिजला. लहानपणी त्याने एकदा उघडला होता. त्या बटाट्यांचा डाग माहेरच्या छतावरून अजून गेला नव्हता.

"आतली वाफ जिरू दे. ठेव ते खाली!"

त्याने ठेवलं. मागच्या दारात काका ओल्या हातांनी उभे होते. गिऱ्हाइकांना हेच पटवता पटवता त्यांच्या घशाला कोरड पडायची. पण कुकर काही कधी सुचला नव्हता.

शेवटी हॉर्न वाजला, आणि पाठोपाठ भावाचा फोन. सासूबाई भाड्याच्या गाडीने घरी पोचल्या होत्या आणि जावयाची वाट बघत होत्या.

"भावोजी," भाऊ खुर्चीत बसत म्हणाला, "आणखी काही तपासायचं असेल तर तपासा. मला घाई नाही."

काका काकूंकडे वळले. "उद्या डबा दोघांचा घे. पण या टेबलावर काही पालथं घालायचं नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. निघताना त्यांनी चहाचा पेला विसळला. हात सवयीने फिरला आणि थांबला. पेला त्यांनी उताणाच ठेवला. मग धूळ पडू नये म्हणून वर बशी घातली. पालथी.

काकांनी पाहिलं. पण बशी काही फुगत नाही, म्हणून गप्प राहिले.