त्रिंबकनं बसवलेले आकडे

केजच्या बसस्टँडमागं बन्सीचं इंटरनेट केंद्र होतं. केंद्र म्हणजे पत्र्याची खोली, एक जुना संगणक आणि टेलिफोनची एकच तार. बन्सी मूळचा डिझेल इंजिनाचा मिस्त्री. घाटनांदूरला उस्तादाच्या हाताखाली तो एक नियम शिकला होता : दुसऱ्या मिस्त्रीनं बसवलेल्या नटाला त्याला विचारल्याशिवाय पाना लावायचा नाही. इंजिनापुरतं हे ठीक होतं. बन्सीनं तोच नियम संगणकालाही लावला, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

गोष्ट २००४ सालची. बारावीचा निकाल इंटरनेटवर लागला होता. बन्सीची थोरली, आम्रपाली, परीक्षेला बसलेली. पास झाली तर नर्सिंगला पाठवायचं, नाही तर मामानं आणलेलं स्थळ तयारच होतं. मामाला भारी घाई.

मोडेम किंचाळला, जोडणी झाली, पण पान काही उघडेना. बन्सीनं तार काढून लावली, संगणक बंद करून चालू केला, मोडेमवर फुंकरसुद्धा मारली. दारात निकाल बघायला आलेल्या पोरींची गर्दी वाढत गेली. शेवटी जोडणी तोडून त्यानं इंटरनेट कंपनीच्या संजयला फोन लावला.

"बन्सीभाऊ, जोडणी होतीय म्हंजे तार चांगली हाय," संजय म्हणाला. "साइटच्या नावावरनं तिचा पत्ता हुडकून देणारा सर्व्हर असतोय, त्याचे आकडे सेटिंगमदी कुणाचे हायेत?"

"आदीच्या कंपनीचे. त्रिंबकनं बसवलेत."

"मग काढा की! तुमी कालच आमच्याकडं आलात. ती कंपनी आमच्या गिऱ्हाइकाला कशापायी पत्ता सांगंल? आकडे पुसा, आपोआप घेऊ द्या."

"पर त्रिंबकला इचारल्याबिगर..."

त्रिंबक म्हणजे संगणक जोडून देणारा कारागीर. तो पुण्याला गेला, त्याला वर्ष झालं होतं.

"आबा," मागून आम्रपाली म्हणाली, "त्रिंबककाकांचा नंबर बी न्हाई आपल्याकडं. काढा ते."

बन्सीनं फोन ठेवला. त्रिंबकचे आकडे एकेक करून पुसले. मनात खरंच अपराधी वाटलं, त्याला इलाज नव्हता. संगणक पुन्हा चालू झाला, मोडेम पुन्हा किंचाळला आणि या खेपेला पान उघडलं.

आम्रपालीनं स्वतःच बैठक क्रमांक टाकला. फिजिक्समध्ये नापास.

"माझं झालं, आबा," ती म्हणाली. "पोरी थांबल्यात, त्यांचं बघा." आणि खुर्चीवरून उठली.

बन्सीनं एकेकीचा निकाल वाचून दाखवला. पास झालेल्यांना शाबासकी दिली, पेढे नक्की आणा म्हणाला. आम्रपाली कोपऱ्यात उभी राहून पोरींना पाणी देत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं आणि बन्सीला त्याचीच भीती वाटत होती.

गर्दी ओसरली तशी त्यानं इंटरनेट तोडलं आणि तिच्यासमोरच मामाला फोन लावला.

"मेव्हणं, पोरगी एका विषयात ऱ्हायली. ऑक्टोबरला परत बसंल. त्या पाव्हण्याला न्हाई म्हणून कळवा."

आम्रपाली तेव्हा कुठं रडली.