मेजरबाईंची अंधारखोली

मेजरबाई रागावल्या की आधी चष्मा काढून ठेवत. समोरचा धूसर झाला की बोलायला बरं पडतं, म्हणत. माझ्याशी बोलताना तो बहुतेक वेळ टेबलावरच असे.

मुलुंडला आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहत. लष्करात डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. जवानांना अंधारात कितपत दिसतं हे तपासण्यात उभी हयात गेली. माझ्या भाच्याची, निनादची, सैन्यभरतीत नेमकी तीच तपासणी उरली, तेव्हा ताई त्याला घेऊन बाईंकडे गेली. सोबत मी, उगाच.

बाईंनी भर दुपारी आतल्या खोलीच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. डोळे काळोखाला सरावेपर्यंत अर्धा तास बसायचं, मग भिंतीवरच्या तक्त्यातल्या फिकट, एका बाजूला तुटलेल्या गोल कड्यांची फट कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं. अर्धा तास होत आला आणि किती वाजले ते बघायला मी मोबाइल पेटवला.

"झालं. बसा पुन्हा पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. "मी काळोख केलाय, आणि हे महाशय दिवाळी करतायत."

दुसऱ्या खेपेला मलासुद्धा कड्या दिसल्या. निनादला भिंतही दिसेना.

"रोज गाजर देते हो त्याला," ताई म्हणाली.

"सशांची भरती असती तर घेतलं असतं."

"पण भरतीच्या क्लासवाल्यांनी फटींचा क्रम पाठ करून घेतलाय. तेवढं धडाधड म्हटलं की झालं ना?"

चष्मा टेबलावर आला.

"क्लासवाल्याला म्हणावं, डोंगरातले खड्डेही पाठ करून दे. याच्यामागून अंधारात पोरं चालणार, यानं पाय टाकला तिथंच पाय टाकत. त्यांना आया नाहीत? फी घेऊन मरायला पाठवतो मेला, आणि तुम्ही पेढे वाटणार?"

त्या क्लासची पाटी अजून स्टेशनबाहेर दिमाखात उभी आहे. बघितली की आता माझंही डोकं फिरतं.

निनादला सैन्याने नाकारलं. बाईंनीच ओळखीत फोन करून त्याला पाडलं असणार, असं ताई सोसायटीभर सांगत सुटली. बाईंच्या कानावर गेलं, तर म्हणाल्या, "सांगू दे. पोरगं घरात आहे ना तिचं?"

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. "मी नाही येणार," ताई म्हणाली. "माझ्या पोराचं नशीब फिरवलं तिनं."

निनाद खांदा द्यायला निघाला होता. दारातच थांबला.

"आई, तपासणीला बाई नव्हत्या तिथे. क्रम मला अख्खा पाठ होता. मीच म्हटलं, दिसत नाही."

 ताई उठली आणि आमच्याआधी जिना चढून वर गेली.