रीकाकांचं गाणं

अख्खी गल्ली त्यांना रीकाका म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लोकगीतांच्या मंडळात मुख्य गायक दादा पुढे उभे राहून ओळ सोडायचे आणि काका मागून तीच ओळ उचलून धरायचे. गाण्यात दादांची री, घरात काकूंची. "चहा घेणार?" "घेणार." "की नको?" "नको." असल्या माणसाशी भांडायची तरी सोय आहे का!

पोटापाण्याला दोघं नवरा-बायको मिळून वेताच्या खुर्च्या विणत. काकू खुर्चीखाली बसून वेताची पट्टी भोकातून वर सारायच्या, "घे" म्हणायच्या, आणि काका ती वरून ओढून घट्ट करायचे. एरवी चारचौघांत अहो-जाहो, पण खुर्चीखालून मात्र "घे". दिवसभर "घ्या, घ्या" करायला वेळ कुणाला आहे?

मग मंडळाचा अल्बम निघायचं ठरलं आणि नुसती धमाल उडाली! जुनी ढोलाची गाणी, आणि मधूनमधून प्रेमगीतं. त्यातलं सगळ्यात हळवं गाणं दादांनी काकांपुढे ठेवलं. "माझा आवाज म्हणजे भोंगा. हे तुम्हीच गायचं."

"मीच गायचं," काका सवयीनं म्हणाले, आणि अडकले.

पण गंमत अशी, की गाणं त्यांना आवडलं. खुर्च्या विणताना रोज गुणगुणू लागले. आयुष्यात कधी नव्हे ते काकांना काहीतरी स्वतःसाठी हवंसं वाटत होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी काकूंनी दुकानाला कुलूप ठोकलं, ठेवणीतले कपडे घातले आणि स्टुडिओत काचेपलीकडे जाऊन बसल्या. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीनं बोट वर केलं. तारा छेडल्या गेल्या, ढोलावर हलकी थाप पडली, काकांची जागा आली. काका गप्प! पुन्हा वाजवलं, पुन्हा गप्प. पुढून कुणी ओळ सोडलीच नव्हती, तर हे उचलणार काय?

दादांनी शेजारी बसून ओळ दिली. काकांनी ती उचलली, पण अशी, की वाटावं, प्रेयसीला भेटायला नव्हे, लढाईला निघालेत. मुलीनं कानांवरचे हेडफोनच काढले.

दादांनी कपाळावर हात मारला. "आपली वेळ संपत आली, आता पुढच्या रेकॉर्डिंगची मंडळी दारात येतील. हे गाणं गाळावं लागणार."

"गाळावं लागणार," काका म्हणाले. तोंड मात्र एवढंसं झालं होतं.

"थांबा!" दार ढकलून काकू आत आल्या. "घरी रोज गातात ते कसं येतं मग?" आणि ठेवणीतल्या कपड्यांचा विचार न करता त्यांनी काकांच्या पायाशी जमिनीवर बसकण मारली. तारा वाजल्या, ढोल वाजला. काकूंनी वरही न बघता म्हटलं, "घे."

आणि काकांनी घेतलं! काय घेतलं म्हणून सांगू! वेत ओढायला लागतो तेवढाच जोर, ना कमी ना जास्त. ढोलवाल्याचे डोळे भरून आले. दादांच्या अंगावर काटा आला, आणि तो त्यांनी सगळ्यांना बाही वर करून दाखवला.

मुलीनं गाणं ऐकवलं. सुरुवातीलाच काकूंचा "घे" खणखणीत.

"हे मी कापते," ती म्हणाली.

"कापाच!" काकू घाईनं म्हणाल्या. "जग म्हणेल, नवऱ्याला अरे-तुरे करते!"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. आता ते "कापाच" म्हणणार, हे ठरलेलंच.

"नाही," काका म्हणाले.

काकूंनी झटकन मान वळवली. हा शब्द त्या घरात नवीन होता.

"ते कापलंत, तर पुढचं माझंही कापा. हिनं दिल्याशिवाय मला काही घेता येत नाही. राहू द्या ते."

"राहू द्या!" दादा ओरडले. "राहू द्या!" ढोलवाल्यानं उचललं, मग अख्ख्या मंडळानं, अगदी तालात. काकूंचा चेहरा लालेलाल झाला. सगळ्यांचा आवाज थांबल्यावर, मागून, हळूच, त्याही म्हणाल्या, "राहू द्या."